बाळ रडलं नाही तर? पहिल्या मिनिटामागचं संशोधन आणि सराव

बाळ बाहेर येतं आणि खोलीतल्या सगळ्यांचे कान एकाच आवाजाकडे लागलेले असतात. तो आवाज आला की आईचा जीव भांड्यात पडतो, सिस्टर घड्याळ बघून वेळ लिहिते आणि सगळे आपापल्या कामाला लागतात. पण बाळ रडलंच नाही तर? पुढच्या साठ सेकंदांत आधी काय करायचं, नंतर काय करायचं आणि कशाला हातच लावायचा नाही, हे आज बऱ्यापैकी ठरलेलं आहे. ते कसं ठरलं, ते इथे सांगायचं आहे. त्यातल्या कितीतरी गोष्टी एकेकाळी बरोबर उलट शिकवल्या जायच्या, आणि त्या शिकवणारे डॉक्टरही अनुभवी होते, बाळासाठी जीव तोडून धडपडणारे होते.

आधी बाळाच्या छातीत काय घडतं ते पाहू. पोटात असताना बाळाला प्राणवायू मिळतो तो आईच्या रक्तातून, वारेमार्फत, नाळेवाटे. त्याची फुप्फुसं तेव्हा द्रवाने भरलेली असतात आणि त्यांच्याकडे रक्तही अगदी थोडं जातं. जन्मल्याबरोबर हा सगळा कारभार बदलावा लागतो. पहिल्या जोरकस श्वासांबरोबर फुप्फुसातला द्रव मागे सरून शरीरात शोषला जातो, त्याची जागा हवा घेते, आकसून बसलेल्या रक्तवाहिन्या सैल होतात आणि रक्त फुप्फुसांकडे धावतं. आयुष्यात पुन्हा कधीच शरीर इतक्या थोड्या वेळात इतकं बदलत नाही.

शंभरातली सुमारे 85 बाळं हे सगळं आपलं आपण, अर्ध्या मिनिटाच्या आत करतात. आणखी 10 बाळांना नीट कोरडं केलं, पाठ चोळली की ती श्वास घेऊ लागतात. उरलेल्या पाचेक बाळांना बाहेरून हवा द्यावी लागते: नाका-तोंडावर छोटा मास्क धरायचा आणि त्याला जोडलेली फुग्यासारखी बॅग दाबायची. छाती दाबण्याची किंवा औषधं देण्याची वेळ हजारात मोजक्याच बाळांवर येते. म्हणजे जगातल्या बहुतेक अडलेल्या बाळांना हवी असते ती हवा, आणि ती वेळेवर देणारे हात. तरीही 2022 या एका वर्षात जगात सुमारे 23 लाख बाळं जन्मानंतरच्या पहिल्या 28 दिवसांत दगावली. 1990 मध्ये हाच आकडा 50 लाखांच्या घरात होता. मधल्या काळात तो निम्म्याहून खाली आला, त्यामागे गरिबी घटणं, लसी, स्वच्छता अशी बरीच कारणं आहेत. पण एक कारण डॉक्टरांच्या रोजच्या कामातलं आहे, आणि त्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं. काही डॉक्टर बाळांवर उपचार करता करता 'आपण करतोय ते खरंच उपयोगी आहे का' हे तपासत राहिले, आणि जे सापडलं ते दुसऱ्यांच्या हातांत उतरवत राहिले.

याचं पहिलं ठळक उदाहरण म्हणजे अ‍ॅपगार गुण. व्हर्जिनिया अ‍ॅपगार या न्यूयॉर्कमधल्या भूलतज्ज्ञ. बाळंतपणात भूल दिल्याचा बाळावर काय परिणाम होतो, हे त्यांना बघायचं होतं, पण बाळ 'बरं' आहे की 'वाईट' हे मोजायचं कसं? 1952 मध्ये त्यांनी पाच खुणा निवडल्या: हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताठपणा, चिमटा किंवा टिचकीला मिळणारा प्रतिसाद आणि रंग. प्रत्येकीला शून्य ते दोन गुण. यंत्र नाही, खर्च नाही. पण या गुणांमुळे जन्मल्याबरोबर प्रत्येक बाळाकडे ठरवून, क्रमाने बघायची सवय लागली आणि एका रुग्णालयातली बाळं दुसऱ्या रुग्णालयातल्या बाळांशी ताडून बघता येऊ लागली. (एक गैरसमज जाता जाता दूर करते: बाळाला मदत करायची की नाही, हे या गुणांवरून ठरत नाही. पहिले गुण एका मिनिटाला मोजतात, आणि मदत त्याच्या आत सुरू झालेली असावी लागते.)

आता प्राणवायूची गोष्ट. ती जरा सावकाश सांगते, कारण चांगल्या हेतूने केलेला उपचारही का तपासावा लागतो, हे तिच्याइतकं दुसऱ्या कशातून कळत नाही.

1940 च्या दशकात श्रीमंत देशांतल्या रुग्णालयांत काचेच्या पेट्या आल्या. कमी दिवसांची बाळं त्यांत ठेवली जाऊ लागली आणि पेटीत भरपूर ऑक्सिजन सोडला जाऊ लागला. बाळं गुलाबी दिसायची, श्वास सुधारायचा. यात वाईट काय असणार? पण त्याच सुमारास या बाळांमध्ये एक नवं अंधत्व दिसू लागलं. डोळ्याच्या पडद्यावरच्या कोवळ्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढायच्या आणि पडदा सुटायचा. साधारण दहाबारा वर्षांत जगभरात सुमारे 10,000 मुलांची दृष्टी गेली. सगळ्यात जास्त गेली ती जिथे उत्तमोत्तम सोयी होत्या तिथे. संशय अनेक गोष्टींवर घेतला गेला: जीवनसत्त्वं, उजेड, रक्त देणं. 1951 मध्ये मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी बोट ठेवलं ते ऑक्सिजनवर.

शंका आणि पुरावा यांत अंतर असतं. ते पार करायचं तर काही बाळांना नेहमीसारखा भरपूर ऑक्सिजन आणि काहींना गरजेपुरताच, अशी तुलना करावी लागणार होती. वॉशिंग्टनमध्ये डॉ. अर्नॉल पॅट्झ यांनी ती सुरू केली, तेव्हा रात्रपाळीच्या काही सिस्टर कमी ऑक्सिजनवाल्या पेट्यांची तोटी गुपचूप वाढवायच्या. या लेकरांना आपण जाणूनबुजून गुदमरवतोय, असं त्यांना वाटायचं. ही हकिकत आठवली की माझा त्या सिस्टरांवर राग होत नाही. त्यांच्या जागी मी असते तर माझाही हात त्या तोटीकडे गेला असता. मग अमेरिकेतल्या 18 रुग्णालयांनी मिळून मोठी चाचणी केली आणि 1954 मध्ये निकाल आला: अंधत्वाचं मूळ अनिर्बंध ऑक्सिजनमध्येच होतं.

गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण झालं असं, की डॉक्टरांनी ऑक्सिजनचा धसका घेतला. तो इतका कमी केला गेला, की डोळे वाचले आणि बाळं दगावू लागली. जास्त वाईट, कमीही वाईट. मग नेमका किती? या प्रश्नाला धड उत्तर मिळायला 2010 नंतरचा काळ उजाडला. अनेक देशांतल्या सुमारे 5,000 अगदी कमी दिवसांच्या बाळांवर पाच चाचण्या झाल्या. रक्तातल्या ऑक्सिजनची पातळी 85 ते 89 टक्के ठेवलेल्या बाळांमध्ये डोळ्यांचा त्रास कमी होता, पण मृत्यू जास्त होते. 91 ते 95 ठेवलेली बाळं जास्त जगली. म्हणून आज कमी दिवसांच्या बाळांसाठी बहुतेक ठिकाणी नव्वदीच्या पुढची पातळी धरतात आणि डोळ्यांची तपासणी न चुकता करतात. पडदा बिघडू लागला तर त्यावर वेळीच लेझरने किंवा इंजेक्शनने उपचार होतो. साठ वर्षं लागली एका आकड्याला.

पुऱ्या दिवसांच्या, पण जन्मताच न रडलेल्या बाळाचं काय? त्यालाही वर्षानुवर्षं शंभर टक्के ऑक्सिजनच दिला जायचा, कारण निळं पडलेलं बाळ बघून दुसरं काही सुचतच नाही. नॉर्वेचे डॉ. ओला डिड्रिक सॉगस्टॅड यांना यात धोका दिसत होता. आधी गुदमरलेल्या पेशींवर अचानक शुद्ध ऑक्सिजनचा मारा झाला, तर त्यातून घातक रसायनं तयार होतात. दिल्लीचे डॉ. सिद्धार्थ रामजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये 84 बाळांचा अभ्यास छापला: साधी हवा दिलेली बाळं ऑक्सिजन दिलेल्यांपेक्षा कुठेच मागे पडली नाहीत. मग सहा देशांतल्या 609 बाळांची मोठी चाचणी 1998 मध्ये प्रसिद्ध झाली. तिची विभागणी किती सोपी होती बघा: सम तारखेला जन्मलेल्या बाळाला हवा, विषम तारखेला ऑक्सिजन. अशा सगळ्या अभ्यासांची नंतर एकत्र बेरीज केली तेव्हा दिसलं, की साध्या हवेने सुरुवात केलेल्या बाळांमध्ये मृत्यू सुमारे चतुर्थांशाने कमी होते. 2010 मध्ये आंतरराष्ट्रीय शिफारस बदलली. खोलीत फुकट असलेली हवा नळकांड्यातल्या ऑक्सिजनपेक्षा सरस ठरली.

त्याच वर्षी आणखी एक अभ्यास आला, साधासा, पण मला फार आवडणारा. मेलबर्नच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 468 बाळांच्या उजव्या हाताला जन्मल्याबरोबर रक्तातला ऑक्सिजन मोजणारं छोटं मापक लावलं. ही सगळी बाळं धडधाकट होती, कुणालाच मदतीची गरज नव्हती. दिसलं असं, की निरोगी बाळसुद्धा पहिल्या मिनिटाला 60-65 टक्क्यांच्या आसपास असतं आणि नव्वदीला पोचायला त्याला पाच ते दहा मिनिटं लागतात. म्हणजे दोन मिनिटांचं बाळ थोडं निळसर दिसलं, तर ते त्याच्या वयाला साजेसंच असतं! निरोगी बाळ कसं असतं, हेच कुणी मोजलेलं नव्हतं, म्हणून इतकी वर्षं रंग बघून ऑक्सिजन सोडला जात होता.

अशीच एक जुनी रीत बाळाने पोटात शी केली असेल तेव्हाची. डोकं बाहेर येताच, खांदे बाहेर यायच्या आधी, घसा ओढून साफ करायचा. अर्जेंटिनातल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेल्या 2,514 बाळांच्या चाचणीत 2004 मध्ये दिसलं, की त्याने काही फरक पडत नाही. निपचित बाळाच्या श्वासनळीत नळी घालून खेचण्याची सक्तीही 2015 मध्ये गेली. त्या खटाटोपात जाणारे सेकंद हवा देण्यासाठी हवे होते.

'चाचणी' म्हटलं की पालकांच्या पोटात गोळा येतो, आणि ते साहजिक आहे. माझ्या बाळावर प्रयोग? इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. दोन उपचारांपैकी चांगला कोणता हे जाणकारांनाही खरंच ठाऊक नसेल, तेव्हाच अशी तुलना करायला नीतिसमिती परवानगी देते. कोणत्या बाळाला काय मिळणार, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवतात, म्हणजे डॉक्टरच्या मनातला कल आड येत नाही. (सम-विषम तारखेची युक्ती आता वापरत नाहीत, कारण त्यात पुढच्या बाळाला काय मिळणार हे आधीच कळतं.) निकाल येत असतानाच एक वेगळी समिती आकडे बघत राहते, आणि एका बाजूला नुकसान दिसू लागलं तर चाचणी थांबवते. संमतीचा प्रश्न मात्र अवघड आहे. कळा सुरू असलेल्या बाईला चार पानी कागद वाचायला देणं, ही काही खरी संमती नाही. म्हणून शक्य तिथे दिवस भरायच्या आधीच, शांतपणे बोलून ठेवतात. काही देशांत, अगदी तातडीच्या प्रसंगी, कडक अटींवर आधी उपचार आणि लगेच नंतर संमती असाही मार्ग आहे. यावर संशोधकांमध्ये अजून वाद आहेत आणि ते असायलाच हवेत.

एका ठिकाणचा पुरावा दुसरीकडे जशाच्या तसा उचलता येतो का? येत नाही. याचा धडा एका औषधाने दिला. न्यूझीलंडचे डॉ. ग्रॅहम लिगिन्स मेंढ्यांमध्ये कळा कशाने सुरू होतात ते शोधत होते. स्टेरॉइड दिलेल्या मेंढीचं एक कोकरू इतक्या लवकर जन्मलं, की ते जगायला नको होतं. पण ते श्वास घेत होतं. औषधाने त्याची फुप्फुसं वेळेआधी पिकली होती. बालरोगतज्ज्ञ डॉ. रॉस हॉवी यांच्यासोबत त्यांनी दिवस भरायच्या आधीच बाळंत होऊ पाहणाऱ्या 282 मातांवर चाचणी केली आणि 1972 मध्ये ती छापली. ज्यांच्या आईला इंजेक्शन मिळालं त्या बाळांमध्ये श्वासाचा गंभीर त्रास 9 टक्क्यांना झाला, बाकीच्यांत सुमारे 26 टक्क्यांना. तरीही अमेरिकेत या उपचाराची ठाम शिफारस व्हायला 1994 साल यावं लागलं. बावीस वर्षं औषध फडताळात होतं, पुरावा छापील होता, आणि बाळं गुदमरत होती.

मग गाडी उलट्या टोकाला गेली. इतकं चांगलं औषध गरीब भागांतल्या प्रत्येक दवाखान्यात पोचवू, म्हणून सहा देशांत मोठा प्रयोग झाला. 2015 मध्ये निकाल आला तेव्हा छोट्या बाळांचे मृत्यू कमी झाले नव्हते आणि एकूण बाळांचे मृत्यू थोडे वाढले होते. दिवस नेमके किती भरलेत हे सोनोग्राफीशिवाय कळत नव्हतं, त्यामुळे कितीतरी मातांना गरज नसताना इंजेक्शन मिळालं. औषध थांबवायचं का? जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या 29 रुग्णालयांत पुन्हा चाचणी घेतली. या वेळी सोनोग्राफीने दिवस पक्के केलेले होते आणि बाळाची काळजी घेण्याची किमान सोय होती. 2020 मध्ये दिसलं, की औषध मिळालेल्या गटात 19.6 टक्के बाळं दगावली, न मिळालेल्या गटात 23.5 टक्के. औषध तेच होतं. फरक पडला तो त्याच्या भोवतीच्या काळजीने.

गुदमरलेल्या बाळाचं शरीर 72 तास 33-34 अंशांपर्यंत थंड ठेवून मेंदू वाचवण्याच्या उपचाराचंही तसंच. श्रीमंत देशांत तो नेहमीचा झाला आहे. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या 408 बाळांच्या चाचणीत मात्र 2021 मध्ये थंड केलेल्या गटात मृत्यू जास्त निघाले. असे निकाल छापायला धैर्य लागतं, आणि त्यांच्यामुळेच पुढची बाळं वाचतात.

आता दुसरा अर्धा भाग, शिकवण्याचा. 2010 मध्ये अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने आणि तिच्या जागतिक भागीदारांनी जिथे फारशी साधनं नाहीत तिथल्या दाई-नर्सेससाठी एक छोटं प्रशिक्षण तयार केलं. त्याचं मुख्य सूत्र 'सोनेरी मिनिट': कोरडं करा, उबेत ठेवा, गरज असेल तरच घसा साफ करा, आणि तरी श्वास नसेल तर एका मिनिटाच्या आत मास्कने हवा सुरू करा. सरावासाठी एक बाहुली आहे. तिच्यात कोमट पाणी भरतात, म्हणजे ती हातात खऱ्या बाळासारखी जड आणि लिबलिबीत लागते. शिकवणारा छोटा फुगा दाबून नाळेत ठोके आणतो, आणि मास्क घट्ट बसला असेल तरच तिची छाती वर येते. टांझानियातल्या आठ रुग्णालयांत या प्रशिक्षणानंतर पहिल्या 24 तासांतले मृत्यू 47 टक्क्यांनी घटले. 'मृत जन्मलं' अशी नोंद होणारी बाळंही कमी झाली. त्यातली काही बाळं मुळात जिवंत होती, फक्त श्वास घेत नव्हती. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुढे वाचवेना.

पण त्याच देशातल्या हायडम या खेड्यातल्या रुग्णालयात एक अवघड सत्य हाती लागलं. तिथे प्रत्येक बाळंतपणाशेजारी घड्याळ घेऊन एक नोंद करणारी व्यक्ती बसायची. एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. त्यानंतर बाहुलीवरची परीक्षा सगळ्यांना छान जमली. आणि खऱ्या बाळंतपणात? काहीच बदललं नाही. माणसं पूर्वीसारखीच घसा साफ करत आणि पाठ चोळत बसायची, मास्क उशिरा लागायचा. त्याच नोंदींतून त्या उशिराची किंमत आधीच कळली होती: हवा सुरू करायला होणाऱ्या दर 30 सेकंदांच्या उशिरागणिक मृत्यूचा धोका 16 टक्क्यांनी वाढतो.

मग त्यांनी पद्धत बदलली. मोठा वर्ग, फळा, प्रमाणपत्र हे सगळं बाजूला ठेवलं आणि बाहुली थेट प्रसूतिकक्षातच आणून ठेवली. काही मिनिटांचा सराव, पण वारंवार, आणि जे हात रात्री कामाला येणार तेच हात सरावाला. या बदलानंतर पहिल्या 24 तासांतले मृत्यू हजारी 11 वरून 7 वर आले. हे कौशल्य पाठ केलेल्या धड्यासारखं टिकत नाही, काही महिन्यांत बोटांतून उतरून जातं. म्हणून ते दर थोड्या दिवसांनी हातात पुन्हा भरावं लागतं.

शिकवणं रुग्णालयापुरतंच असतं असंही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळ तपासायला, गुदमरलेल्या बाळाला श्वास द्यायला आणि जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविक द्यायला शिकवलं. 39 गावांतलं काम शेजारच्या 47 गावांशी ताडून पाहिलं. 1999 मध्ये छापलेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले होते. यात शिकवणं किती आणि संशोधन किती, हे वेगळं काढताच येत नाही.

मास्क धरण्याची मूठ एकदा जवळून बघा. अंगठा आणि तर्जनी मास्कवर इंग्रजी सी अक्षरासारखी गोल टेकलेली, बाकीची तीन बोटं हनुवटीच्या हाडाखाली, तिला किंचित वर उचलणारी. मान फार मागे गेली तर श्वासाची वाट बंद, फार पुढे झुकली तरी बंद. जोर जास्त झाला तर नाक दबतं, कमी झाला तर गालाजवळून हवा फुस्सकन निसटते. नवखा माणूस बॅग जोरात दाबत राहतो, त्याला वाटतं आपण खूप हवा देतोय. शेजारी उभी असलेली शिक्षिका बॅगकडे बघतच नाही. तिची नजर छातीवर असते आणि ती एवढंच विचारते, "छाती हलली का?" तो थांबतो, मास्क उचलतो, हनुवटी नीट करतो, पुन्हा टेकवतो आणि या वेळी हलक्या हाताने बॅग दाबतो.